रूथमावशीच्या टेस्टचा निळा रंग

रूथमावशी वाचणार नाही हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं.

तेव्हा ती वरच्या मजल्यावर, वॉर्डातल्या कॉटवर बसून सिस्टरकडे चहा मागत होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

मी नगरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, विषबाधेच्या तपासण्या, हेच माझं काम. रूथमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. श्रीरामपूरजवळ तिची आणि याकोबकाकांची शेती. थोडा ऊस, थोडी शेवंती. मूलबाळ नव्हतं.

चर्चमध्ये गायला ती पुढे. आवाज असा, की पेटीवाल्यानंच तिच्या पट्टीत यायचं.

तिनं जीव द्यायला काही घेतलं नव्हतं. हे स्पष्ट लिहिते, कारण गावात नको ते बोललं गेलं.

तणनाशकाच्या कॅनला चीर गेली होती. उरलेलं औषध काकांनी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ठेवलं. मावशी उन्हातून खुरपून तिथं सावलीला आली. डोळ्यांपुढे अंधारी. हाताला लागली ती बाटली तोंडाला लावली.

एक घोट. बराचसा थुंकला.

चुळा भरल्या आणि परत खुरपायला गेली.

दुसऱ्या दिवशी जीभ सोलवटली, पाणी गिळताना आग व्हायला लागली, तेव्हा काकांनी तिला नगरला आणलं. पिशवीत ती बाटलीही होती, डॉक्टरांना दाखवायला.

खाली लॅबमध्ये माझ्या हातात लघवीचा नमुना आला. लेबलवर तिचं नाव.

या विषाची टेस्ट अगदी साधी आहे. नमुन्यात दोन पावडरी टाकायच्या आणि बघत राहायचं. रंग बदलला नाही तर सुटलो. फिकट निळा आला तर थोडी आशा धरायची.

तिचा शाईसारखा आला. नळीच्या पलीकडचं दिसेना.

मला वाटलं पावडर खराब असेल. म्हणून मी माझ्या स्वतःच्या नमुन्यावर तीच टेस्ट केली. तो पिवळाच राहिला.

नळी घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी उजेडात धरली, मग माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या कोण?"

"मावशी."

त्यांनी नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "आपण सगळं करू." त्या 'सगळं'चा अर्थ आम्हा दोघांना माहीत होता. ह्या विषावर उतारा नाही.

वर गेले. काका औषधं आणायला खाली गेले होते. मावशीनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मर्सी, काय निघालं?"

"मावशी, औषध लई अंगात गेलंय."

"उतारा?"

मी नकारार्थी मान हलवली.

ती रडली नाही. चादरीची घडी सारखी करत बसली. मग म्हणाली, "याकोबला ठावं हाय?"

"अजून नाही."

"कालपासून पोटात काय न्हाई त्याच्या. आधी जेवायला ने. जेवला की सांग."

मी काकांना कँटीनला नेलं. भाजी-पोळी घेतली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"बाटली मीच भरली हुती," ते म्हणाले.

"काका, आधी जेवा."

"कॅन गळत हुता. वाया जाईल म्हणून वतलं."

मी सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. आम्ही तसेच उठलो.

नंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. रोज सकाळी तिचं रक्त माझ्याकडे यायचं. किडनीचा आकडा रोज वर. डायलिसिस केलं. तरी वर.

मग धाप लागायला लागली. आणि ह्या विषात ऑक्सिजन लावला तर फुफ्फुसं आणखी जळतात. म्हणून अगदी शेवटापर्यंत तो लावत नाहीत.

काकांना हे कसं पटणार? शेजारच्या कॉटवर ऑक्सिजनची नळी लावलेली दिसत होती.

"सगळ्यांना लावलाय. हिलाच का न्हाई?" ते मला विचारायचे. सिस्टरला विचारायचे. झाडणाऱ्या बाईलाही विचारायचे.

रविवारी चर्चचे पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली. मावशीनं गीत सुरू केलं. पहिल्या ओळीतच श्वास संपला. ओठ हलत राहिले. काकांनी पुढचं म्हणायचा प्रयत्न केला. त्यांना सूर कधीच नव्हता. ती हसली.

ह्या विषात माणूस शेवटपर्यंत शुद्धीत राहतो. लोकांना ते चांगलं वाटतं. मी जवळून बघितलंय, चांगलं नसतं.

जो भेटायला येईल त्याला ती एकच सांगायची. "मीच बगितलं न्हाई. बाटली बगून घ्यायची ना. माझीच चूक."

काका कॉटच्या पायथ्याशी बसून ऐकायचे. तिला वाटायचं, त्यांचं ओझं उतरेल. काही उतरलं नाही.

शेवटी ऑक्सिजन लावला. काकांना वाटलं आता सुधारेल. ते उठून उभे राहिले, मला म्हणाले, "बघ, लावला." मी त्यांचा हात धरला.

दुपारी ती गेली.

काका आता शेतात जात नाहीत. शेवंती जागेवर वाळली. चर्चला येतात, बाहेरच्या कट्ट्यावर बसतात, गाणी सुरू झाली की उठून जातात. भेटले की विचारतात, "त्याच दिवशी आनलं असतं तर?"

मी म्हणते, सांगता येत नाही. खरंच सांगता येत नाही.

हे त्यांना विचारून लिहिलंय. "लिही," एवढंच म्हणाले.

औषध पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतू नका. मावशीच्या मातीच्या दिवशीही मी इथं हेच लिहिलं होतं. तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले होते. त्यानंतरही माझ्या टेबलावर निळ्या नळ्या आल्या. ह्या पोस्टनंतरही येतील.

मावशी, तुझ्यासाठी माझ्या हातून काहीच झालं नाही. होण्यासारखं काही नव्हतंच.

प्रभूच्या कुशीत नीज.