काचेवरचा पाक

उकळत्या पाकाचा वास आला की दौंडकडच्या आमच्या साखर कारखान्यातली ती दुपार आठवते. आमचे जुने पॅनमन, म्हणजे पाक आटवायच्या मोठ्या पॅनवरचे कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते हंगामाच्या तोंडावर आफ्रिकेतल्या कारखान्यावर निघून गेले होते. पाकात साखरेचा दाणा कधी धरतो हे त्यांना मीटर न बघता कळायचं. काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे आणि म्हणायचे, “आजून दोन मिन्टं.” सात वर्षं मी त्यांच्या शेजारी व्हॉल्व्ह फिरवला, पण काच कधी हातात घेतली नव्हती. त्या दुपारी दाणा काही नीट धरेना. साहेबांनी मामांना व्हिडिओ कॉल लावला, मी काच मोबाईलसमोर धरली. मामा डोळे बारीक करून बघत राहिले. “हितनं काय कळणार रं? चोळून बघ. रव्यागत लागतंय का वाळूगत?” मी चोळलं. “मामा, नुसतं चिकाट लागतंय.” ते म्हणाले, “तुझ्या हातात काच द्याया पायजे हुती. चुकलंच माझं.” पाणी सोडून पॅनमधला अख्खा माल पुन्हा विरघळवावा लागला. पुढं चार हंगाम बोटं भाजून घेत मी ते शिकलो, आणि शिकलो तसं मलाही आफ्रिकेतूनच बोलावणं आलं. काल इथं युगांडात ड्यूटी संपवून टेकलो होतो, तेवढ्यात दौंडहून साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर काच होती, आणि ती धरणारा हात तिथं माझ्या शेजारी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या पोराचा होता. “चोळून बघ,” मी म्हणालो, आणि त्याच्या हातात मीही कधी काच दिली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.