मालूताईंची अर्धी राहिलेली वेल

मैत्रिणींनो, आज गुहागरहून पार्सल आलं. आत एक अर्धवट गोधडी आणि हिरव्या सुती साडीचा वीतभर तुकडा. टपालखर्च नव्वद रुपये.

माझ्या नणंद मालूताई मागच्या महिन्यात देवाघरी गेल्या. गोधडीवरची वेल त्यांच्या हातून पुरी झाली नाही.

त्यांची लेक फोनवर म्हणाली, "मामी, आईच्या साडीचं एवढंच उरलंय हो. वेल तेवढी पुरी करा."

वेल म्हणजे गोधडीवर कापडाची पट्टी शिवून केलेली, करंगळीहून बारीक, वळत जाणारी रेघ. तिची पट्टी कापडाच्या विणीला तिरकी कापली तरच वळते. पण तिरकं कापलं की कोपरे वाया जातात. मी देवाला हात जोडले आणि जन्माच्या सवयीने, कापड वाचावं म्हणून सरळच कापलं.

पट्टी वळेना. वळणावळणाला चुण्या पडल्या. उसवलं तर कडाच विरल्या, तुकडा वाया गेला.

हे म्हणाले, "मालू असती तर म्हणाली असती, वहिनी, कापड कुणासाठी वाचवलंत?"

लेकीला अजून सांगितलेलं नाही. मालूताईंनी तुमच्यापैकी बऱ्याच जणींना चिंध्या दिल्या होत्या. त्या हिरव्या साडीचा तुकडा कुणाकडे असेल तर उलट टपाली कळवा. या वेळी तिरकाच कापीन.