रविवारचा माणूस

गेटवर चोवीस तास पहारा असतो याचं मालक लोकांना कौतुक. पहारा देणारा किती तास उभा आहे, ते कुणी विचारत नाही. ठेकेदारीवरच्या माझ्या एका पत्रकाची सुरुवात अशी होती. पत्रकं वाटून संपली, कारखान्यांच्या गेटवर काही फरक पडला नाही.

मी तेव्हा चिकलठाणा एमआयडीसीत, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कारकून होतो. आमच्या गेटवरचे मामा पैठणकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. भाऊ अजून कळप घेऊन हिंडायचा, हे सिक्युरिटी एजन्सीच्या निळ्या कपड्यात उभे. रविवारी त्यांना सुटी, असं एजन्सी सांगायची. सुटीच्या दिवशी त्यांच्या जागी ज्यानं उभं राहायचं, त्याला सगळे रिलीव्हर म्हणत. तो यायचाच नाही. आणि तो आल्याशिवाय गेट सोडायचं नाही, हा नियम मात्र कडक.

मामांच्या मुलीला बघायला वैजापूरकडची माणसं येणार होती. दोनदा ठरलं, दोन्ही वेळा मामा गेटवर अडकले. मग तिकडून निरोप आला, बापालाच सवड नसेल तर आम्ही दुसरीकडं बघतो. मामांनी हे चहाच्या टपरीवर सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

"पोरीला वाटतंय, मलाच ते स्थळ नको हाय," ते म्हणाले. "बोलत नाय ती माझ्याशी."

त्याच सुमारास आवारातल्या ट्रकची बॅटरी चोरीला गेली आणि शेठनी एजन्सी बदलायचं ठरवलं. मी सरळ सांगितलं, एजन्सी कशाला, माणसं आपल्या हजेरीपटावर घ्या. शेठ रागावले नाहीत. "कामगारांवर लई बोलतोस ना? मग तूच निवड," म्हणाले. ठेकेदारीविरुद्ध पत्रकं लिहिणारा मी ठेकेदार निवडायला बसलो.

तीन एजन्सींना बोलावलं. पहिल्या दोघांनी नमुना म्हणून एकेक गार्ड सोबत आणला. उंच, मिशीवाला, बूट चकचकीत. सलाम असा ठोकला की शेठ खुर्चीत ताठ झाले. दुसरीचा नमुना म्हणजे आदल्या दिवशी पहिलीची टोपी घालून आलेला तोच इसम. मी ओळखलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. त्याच्यावर काय चिडणार? उभं राहायचं म्हणून तो आला होता.

मी सगळ्यांना एकच विचारलं, रिलीव्हर आला नाही तर? पहिले म्हणाले, असं होतच नाही. दुसरे म्हणाले, गेटवरचा माणूस सांभाळून घेतो. तिसऱ्या एजन्सीचा सुपरवायझर एकटाच आलेला, हातात हेल्मेट, शर्ट घामानं चिकटलेला. तो म्हणाला, "मी स्वतः उभा राहतो, सर." तसं त्यानं लिहूनही दिलं. शेठना मिशी हवी होती. मी दुपारभर वाद घातला आणि ही एजन्सी घ्यायला लावली. मामांना इथंच ठेवायचं, हीही अट घातली. नव्या एजन्सीत मामांचे कपडे निळ्याचे करडे झाले. वैजापूरला निरोप गेला, येत्या रविवारी नक्की या.

रविवारी कारखाना बंद. मला चैन पडेना म्हणून सकाळी गेलो. मामा गेटवरच. स्टुलावर पिशवी, पिशवीत धुतलेलं धोतर आणि नवी टोपी. रिलीव्हरचा पत्ता नाही. मी सुपरवायझरला फोन लावला. लिहून दिलं होतंस ना, म्हटलं, ये आता. तो वाळूजला एका गेटवर उभा होता. तिथलाही रिलीव्हर आला नव्हता.

"सर, मी शब्द पाळतोय," तो म्हणाला. "पण एका वेळी किती गेटांवर पाळू?"

मी फोन ठेवला. तोंडात शिव्या होत्या, पण त्या द्यायच्या कुणाला? मी मामांकडं शिट्टी मागितली.

"तुमाला जमंल का?"

"बंद गेटापुढं बसायचं, त्यात काय जमायचं?"

"बसायचं नाय. उभं राह्यचं. शेठ घरून कॅमेऱ्यात बघत्यात."

मी त्यांना जवळजवळ ढकललंच. पैठणची एसटी मिळेल की नाही, या काळजीत ते मागं न बघता निघाले. मी उभा राहिलो. पाय दुखायला फार वेळ लागला नाही. दुपारी शेठचा फोन आला, मी कॅमेऱ्यात दिसलो होतो. बरं झालं, म्हटलं, आता बोलतोच. सगळं बोललो. हक्काची सुटी, माणसाला माणूस न समजणं, सगळं. शेठनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "कुणीतरी होतं ना गेटवर. जेवलास का?"

सोमवारी मामा आले तेच हसत. पसंती झाली होती. पाहुणे गेल्यावर मुलीनं त्यांना जेवायला वाढलं, शेजारी बसून गप्पा मारल्या. पुढच्या रविवारी साखरपुडा. मी सुपरवायझरला लगेच कळवलं, माणूस आत्ताच ठरवून ठेव. हो हो म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी त्याचाच फोन आला. आवाज थकलेला, पण अडचणीत सापडलेल्या माणसाचा वाटला नाही. उलट एका गेटची काळजी मिटल्यासारखा.

"सर, उद्या आहात ना तुम्ही?"

रविवारी पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटाची बैठक होती. विषय मीच काढला होता, ठेकेदारी. मी म्हटलं, आहे.