तिसरा पुकारा

कोर्टाची गोष्ट म्हटली का तुम्ही जजसाहेबाची वाट पाहून राहिले असान. त्याइले आत बसू द्या. मी सांगतो भंडाऱ्याच्या कोर्टात पुकारा करणाऱ्या शिपाईकाकाचं. तीन पुकाऱ्यात माणूस आला नाही का त्याचा अर्ज गेला. म्हणून तिसऱ्या पुकाऱ्याआधी काका माणूस दिसेपर्यंत चष्मा पुसत राहे.

एकदा ग्रामपंचायतीत एका मतानं पडलेला कोंढ्याचा उमेदवार फेरमोजणी मागाले आला अन् चहाच्या टपरीवर गप्पात रमला. काकाचा चष्मा झिजाले आला. मंग मीच टपरीमागून काकाच्या नाकातल्या आवाजात त्याचं नाव ओढलं. गडी कपबशी घेऊनच कोर्टात धावला.

अर्ज जगला. काकानं मले जिन्याखाली धरलं.

"त्याले बलावलं ते ठीक. पण मी असा बकरीवानी ओरडतो काय बे?"