श्रीपतने मान डोलावली

पोलादपूरला महाबळेश्वरच्या फाट्याजवळ श्रीपतचं गॅरेज होतं. इंजिनाला कान लावायचा आणि दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगायचा, अशी त्याची ख्याती. अलीकडे तेच कान त्याला सोडून चालले होते. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचं बोलणं पुसट झालं. हे फक्त बायकोला, मंजुळाला ठाऊक होतं.

"महाडला डॉक्टरला दाखवू या ओ," ती म्हणायची.

"बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण गाडी आणंल?" एवढं बोलून तो विषय मिटवायचा. लोकांचे ओठ बघत, मान डोलावत दिवस काढायचा.

मे महिन्यातल्या एका दुपारी कापडे गावच्या सहदेवचा मुलगा स्वराज आला. सहदेवचा टेम्पो श्रीपतच्याच हाताखाली म्हातारा झालेला. स्वराज मुंबईला कामाला. त्याने जुनीच पण लालभडक, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली होती. आंबेनळी घाट उतरून मुंबईला परतताना तो फाट्यावर उसाचा रस प्यायला थांबला आणि गाडी पुन्हा चालू होईना. लोकांनी ढकलत गॅरेजपर्यंत आणली.

"काका, मस्त चालत होती. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन पकडत नाय. पप्पा बोलले, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको."

श्रीपतने त्याला चावी फिरवायला सांगितली आणि स्वतः गाडीच्या मागच्या बाजूला कान लावला. चावी फिरली की पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणतो. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

"पंप गेला. टाकी उतरवायला लागंल."

स्वराज गोंधळला. "काका, पंप वाजतोय की! मला इथपर्यंत ऐकू येतोय."

ओठांवरून श्रीपतला ते समजलं. "परत फिरव," म्हणत त्याने पत्र्याला तळहात टेकवला. आत बारीक थरथर होती. पंप चांगला होता.

मग त्याने कानांचा नाद सोडला. स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नव्हता. म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतच नव्हतं. ते कळवणारा सेन्सर घाटात तापून बसला होता. श्रीपतने त्याच्यावर ओलं फडकं धरलं. सेन्सर निवला आणि पुढच्या चावीला गाडी उठली.

"तापला की परत बंद पडंल," तो म्हणाला. "नवा घालायला लागंल."

स्वराज गाडीत बसला. इंजिन रेस करता करता, मान रस्त्याकडे वळवूनच त्याने काहीतरी विचारलं. ओठ दिसले नाहीत. काय म्हणालास, असं विचारायला श्रीपतची जीभ रेटेना. पंपाचं हसू आधीच झालं होतं. त्याने मान डोलावली.

तिन्हीसांजेला फोन आला तो मंजुळाने घेतला. दासगावच्या पुढे गाडी भर रस्त्यात बंद पडली होती आणि मागून आलेल्या एका टेम्पोने ठोकलं होतं. स्वराजचा पाय मोडला होता.

महाडच्या हॉस्पिटलात सहदेव बाकावर बसला होता. श्रीपत त्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

"मुंबईपर्यंत जाईल ना, असं विचारलं त्यानं तुला," सहदेव म्हणाला. "तू मान हलवलीस म्हणतो."

"मला ऐकू नाय आलं."

"मग परत विचारायचंस रे!"

"तेवढंच नाय, सहदेव. मला ऐकूच येत नाय. लय दिवस झाले."

सहदेव भांडला नाही. "पोराला मीच तुझ्याकडं धाडला होता," एवढं म्हणाला आणि उठून आत गेला.

स्वराजचा पाय जुळला, पण तो लंगडतो. श्रीपत शेवटी डॉक्टरकडे गेला. कानांच्या नसाच गेल्या होत्या. मशीन मिळालं, त्यातून भांडी आपटल्यासारखा एकच आवाज येतो, म्हणून ते डबीतच असतं. गॅरेज त्याने दुसऱ्याला चालवायला दिलं. कधी बाजारात सहदेव भेटतो. एकेक शब्द तोडून, मोठ्याने तब्येत विचारतो. पूर्वी दोघे चहाला बसल्याशिवाय घरी जात नसत. आता सहदेव उभ्या उभ्याच बोलतो आणि पिशवी उचलून चालू लागतो.