काकूंसाठी लेट्यूस

ताईंनी फोनवर विचारलं, गच्चीवर लेट्यूस लावशील का, आणि मी हो म्हणून मोकळी झाले. लेट्यूस म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. पण ताईंना नाही म्हणायची माझी हिंमत तेव्हाही नव्हती, आजही नाही.

ताई म्हणजे काकूंची मुलगी, पुण्याला असतात. काकू म्हणजे कारंज्यातल्या ज्या घरी मी स्वयंपाक करते आणि मागच्या खोलीत राहते, त्या घरच्या मालकीण. माझं माहेर कोकणात, राजापूरच्या बाजूला. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर रस्त्यांच्या कामावर फिरत फिरत मी इथवर आले. इथलं काम संपलं तसा तो रोलर घेऊन छत्तीसगडला गेला. मी तेव्हा तापानं फणफणले होते. ओळख ना पाळख, काकूंनी मला घरात घेतलं, स्वतःच्या हातानं मुगाची खिचडी करून घातली आणि बरी झाल्यावरही जा म्हणाल्या नाहीत. त्यांच्यासाठी मी काहीही केलं असतं. पण काहीही करणं वेगळं आणि वऱ्हाडातल्या गच्चीवर लेट्यूस पिकवणं वेगळं.

काकूंची साखर वाढली होती. जेवणाआधी वाटीभर कच्चं खा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ऐकायला सोपं आहे. पण काकू जैन, आणि नेमाच्या पक्क्या. गाजर, मुळा, बीट जमिनीखालचं, म्हणून नाही. कोबीच्या गड्ड्यात अळी असते, म्हणून कोबी नाही. काकडी चालते, पण काकडीनं म्हणे तोंड येतं. मग ताईंनीच हे लेट्यूस शोधून काढलं, कच्चाच खायचा परदेशी पाला. याला गड्डा नसतो, पानं सुटी असतात, एकेक पान दोन्ही बाजूंनी निरखून घेता येतं. बियांचं पाकीट कुरिअरनं आलं आणि पाठोपाठ ताईंचा फोन. नाताळच्या सुट्टीत त्या येणार होत्या. तोवर आईचं खाणं मार्गी लागलं नाही तर घर बंद करून त्या तिला पुण्याला नेणार होत्या.

काकूंना पुण्याचं नाव काढलेलं चालत नव्हतं. आणि घराला कुलूप लागलं तर मी कुठे जाणार, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पाकिटावर सगळं इंग्रजीत. ते वाचता येत नाही हे ताईंना सांगायची लाज वाटली. आम्ही गावी काकडी-भोपळ्याच्या बिया लावतो तशा मी त्या बोटानं खोल दाबल्या, वरून माती सारखी केली. आठ दिवस गेले, पंधरा गेले, काही नाही. ऑक्टोबरचं ऊन असं, की दुपारी कुंडीला हात लावला तर चटका बसायचा. ताई दर रविवारी विचारायच्या, आलं का गं? मी म्हणायची, येतंय. दुसऱ्यांदा पेरलं, तरी तेच. त्या काळ्या मातीकडे बघून मला रडायला यायचं. आमच्याकडे पावसाळ्यात कौलांवरसुद्धा झाडं उगवतात, आणि इथे मी दोन वेळा पाणी घालून मातीच भिजवत बसले होते.

काकूंकडे दूध घालणारे भाऊ जवळच्या खेड्यातले शेतकरी. मी गच्चीवर काय करते हे काकूंनी त्यांना सांगून टाकलं होतं. एक दिवस ते मुद्दाम वर येऊन बघून गेले. त्यांनी कुंडीत बोट घातलं आणि म्हणाले, “बाई, तुमी हे पेरलं का पुरलं?” मग हसत हसत सांगितलं, की सोयाबीन पेरायच्या आधी ते ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात, किती उगवतात ते मोजतात आणि मगच वावरात जातात. शिवाय बी एवढंसं, त्यावर एवढी माती कायले? आणि थंडी पडू द्या जराशी, जमीन तापून आहे.

हे मला आधी कुणी का सांगितलं नाही, याचा राग आला. विचारलं मीच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दिवाळी झाली, सकाळी अंगाला गार लागायला लागलं. उरलेल्या बिया मी ओल्या फडक्यात ठेवल्या आणि फडकं माठाजवळच्या गारव्यात. चौथ्या दिवशी बारीक पांढरी शेपटं दिसली. त्या बिया मातीवर नुसत्या टेकवल्या, वर चिमूटभर भुसभुशीत खत. या वेळी रोपं आली. मग आला मावा. कोवळ्या पानांच्या मागे हिरवे ठिपके. फवारा मारायचा नाही, चिरडायचं नाही, काकू खाली बसूनच ओरडून सांगायच्या. मी मऊ कुंचल्यानं एकेक पान झटकायची आणि ते किडे कागदावर घेऊन कोपऱ्यातल्या अडुळशावर सोडून यायची. ते परत येत असणार, मला खात्री आहे.

“काहून जीव खाऊन राह्यली त्या कुंड्याईचा?” काकू म्हणायच्या. मी पुढचं पान उलटायची. तुमच्यासाठीच, असं तोंडावर कसं म्हणणार?

ताई आल्या त्या दिवशी पहिली तोडणी. रोप उपटायचं नाही, बाहेरची पानं तेवढी घ्यायची, हे आता मला पाठ होतं. पानं धुतली, उजेडात धरून तपासली, लिंबू पिळलं आणि वाटी काकूंच्या ताटात ठेवली. ताई समोर बसल्या होत्या. काकूंनी वाटीकडे पाहिलं आणि ती हळूच बाजूला सारली.

“आज चौदस आहे.”

चौदशीला त्या हिरवं खात नाहीत. दोन वर्षं मी त्यांचा स्वयंपाक करते, अष्टमी-चौदस मला झोपेतही सांगता येते. पण महिनाभर मी पानंच मोजत होते, कॅलेंडरकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी काकू आठवण करून देतात, तीही ताईंच्या येण्याच्या गडबडीत राहून गेली.

ताईंचा आवाज चढला. “आई, हेच मी म्हणते. तुझं रोज काहीतरी असतंच. परवा माझ्यासोबत चल.”

“उद्या खाईन,” काकू म्हणाल्या. “तिनं किती दिवस घालवले मी पाह्यलं आहे. तू होतीस का पाहाले?”

ताईंनी वाटी स्वतःकडे ओढली. ती वाटी शेवटी त्यांनीच संपवली. मी ओट्याशी तोंड करून उभी राहिले. तीन महिने, आणि एक तिथी बघायची राहिली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पानं तोडली. काकूंनी औषध घ्यावं तसं एकेक पान चावून चावून खाल्लं, ताईंच्या डोळ्यांत बघत. “निरं गवत आहे,” म्हणाल्या, “पण खाल्लं.” ताईंना हसू आलं. संध्याकाळी मी पाहिलं, आईचे स्वेटर त्यांनी बॅगेतून काढून परत कपाटात लावले होते. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “चौदस माझ्याही लक्षात नव्हती गं. तू रोज देत जा. उन्हाळ्यात बघू पुन्हा.”

मी हो म्हटलं. होळीनंतर या गच्चीवर त्या पाल्याला तुरे येतील, पानं कडू होतील आणि नवीन बी रुजणारच नाही, असं दूधवाल्या भाऊंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. ते मी ताईंना सांगितलं नाही. सकाळी त्यांची बॅग उचलून रिक्षात ठेवली.