पेटीतला मुका 'ध'

मी मारुतीशी बोलणं टाकलं होतं. आमच्या गावचं देऊळ माझ्या पिठाच्या चक्कीसमोरच आहे. रस्ता ओलांडला की पायरी. पण बायको गेल्यापासून मी तो रस्ता ओलांडला नाही. शनिवारी तेलाची वाटी घेऊन जायचा माझा लहानपणापासूनचा नेम होता. तो मोडला आणि मोडल्याचं मला वाईटही वाटलं नाही. सकाळी चक्कीचं शटर उघडताना मी मुद्दाम देवळाकडे पाठ करून उभा राहायचो. साठी ओलांडलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे मला कळत होतं. पण ज्याच्यावर रुसायचं तो रोज समोर दिसत असला की रुसवा चांगला टिकतो.

माझी तक्रार साधी होती. माझी बायको गावातल्या लेकरांना गाणं शिकवायची. तिचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवत; त्यांच्याकडून ती शिकली, आणि लग्नात भांड्याकुंड्यांसोबत त्यांची जुनी पेटीही आमच्या घरी आली. शाळा सुटली की लेकरं जमायची, सरगम घोटायची, मग प्रार्थना, भजनं, शाळेच्या गॅदरिंगची गाणी. कुणाकडून तिनं कधी काही घेतलं नाही. अशा बाईला आजार झाला तो गळ्याचा. जिनं आयुष्यात सुपारी तोंडात घातली नाही, तिच्या गळ्यात गाठ निघाली. अमरावती झाली, नागपूर झालं. ऑपरेशनमध्ये आधी आवाज गेला, आणि बऱ्याच महिन्यांनी ती गेली. मधल्या काळात ती हातांनी बोलायची. पाणी हवं, भूक नाही, लेकरं आली होती का, सगळं हातांनी. तुला न्यायचीच होती तर अख्खी न्यायचीस, आवाज आधी कशाला नेलास, हे मी मारुतीला विचारलं आणि त्यानंतर बोललो नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तिचा आवाज मला आठवत नाही. चेहरा आठवे, चालणं आठवे, बोललेले शब्दही आठवत, पण ते मला माझ्याच आवाजात ऐकू येत. मी घाबरलो. मोबाइल धुंडाळला. लेकरांचे व्हिडिओ होते, पण त्यात ती एका कडेला बसून हातानं ताल देताना दिसते, गाताना नाही. मुलानं एकदा तिचं गाणं भरून ठेवायला मोबाइल पुढे केला होता, तर तिनं त्याचा हात बाजूला सारला होता. "माया आवाज कायले भरून ठेवता? मी काय चालली का कुठं?" हे वाक्य मला पाठ आहे. आवाज तेवढा गेला. ज्या देवाशी बोलत नव्हतो त्याच्याकडेच मी दळण दळता दळता मनातल्या मनात मागत होतो, एकदा ऐकव, एकदाच ऐकव. मग स्वतःचाच राग यायचा आणि मी चक्कीत आणखी दाणे ओतून खडखडाट वाढवायचो.

तिची शिकवणी आधी मारुतीच्या सभामंडपात भरायची. पण बौद्ध वस्तीतली लेकरं पायरीशीच थांबत. त्यांना कुणी अडवत नव्हतं, आणि आत या असंही कुणी म्हणत नव्हतं. तिनं काही दिवस हे पाहिलं, आणि एका संध्याकाळी पेटी उचलून सरळ आमच्या चक्कीच्या ओट्यावर आणून ठेवली. "इथं सगळ्यायचंच पीठ दळते," एवढंच बोलली. गावात थोडी कुजबुज झाली आणि विरली. पंचाईत झाली ती माझी. ऐन दळणाच्या वेळी ओट्यावर ही सगळी गर्दी. ती म्हणायची, "तुमची चक्की बेसूर हाये." मी म्हणायचो, "तुया सरगमनं पोट नाई भरत." असा आमचा संसार चालला होता.

ओट्यावर आल्यावर काही काळानं पेटीची एक पांढरी पट्टी मुकी झाली. बायको जिथून 'सा' धरायची त्या हिशेबानं ती पट्टी नेमकी 'ध'ची. सा रे ग म प म्हणत वर गेलं की 'ध'च्या जागी पेटीतून नुसती हवा निघायची. दुरुस्त करून आणू म्हटलं की ती पुढच्या महिन्यावर ढकलायची, कारण पेटी अकोल्याला गेली तर लेकरांचे दिवस बुडतात. त्या एका जागी ती स्वतःच गायची, मोठ्यानं, 'प'वरून अलगद वर घसरत, हनुवटी उचलून. लेकरंही तिचं पाहून तसंच म्हणायची. चक्कीच्या खडखडाटात बाकीचे सूर मला कधी नीट ऐकू आले नाहीत. तेवढा 'ध' मात्र सगळ्यातून वाट काढून माझ्यापर्यंत यायचा. तो आला की मला कळायचं, ती बाहेर ओट्यावर आहे. वर्षानुवर्षं मी तिचं गाणं ऐकलं ते एवढंच.

ती गेल्यावर लेकरं काही दिवस ओट्यावर येऊन बसली. मी काही बोललो नाही, मग त्यांनी येणं सोडलं. पेटी घरात तिच्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. जेवायला बसलो की समोर ती. शेवटी ठरवलं, अकोल्याला जुन्या शहरात नेऊन दुरुस्त करायची आणि बहिणीच्या गावच्या भजनी मंडळाला देऊन टाकायची. घरात नको. परतवाड्याहून अकोल्याची एसटी धरली आणि पेटी मांडीवर घेऊन बसलो.

दर्यापूर मागे पडल्यावर गाडी एका फाट्याजवळ घरघरली आणि थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून पाहिलं, कंडक्टरनं आत येऊन सांगितलं, "हे काही हलत नाई आता. मागून दुसरी येऊन राहिली, तवर सावलीले बसा." ऊन मरणाचं होतं. सगळे रस्त्याकडेच्या बाभळीखाली गेले, मीही तिकडेच निघालो होतो. एवढ्यात गाडीतलीच एक बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी, मला म्हणाली, "बाबा, एवढी पेटी घेऊन उनात कायले बसता? तिकडं गावात विहार हाये. सावली हाये, पाणी बी भेटते." तिनं बोट दाखवलं तिकडे मी चालू लागलो. ही बाई मला नंतरच्या गाडीत दिसली नाही. तिथंच कुठं तिचं गाव असेल.

विहार लहानसा होता, निळ्या रंगाचा, पुढे पत्र्याची पडवी. मी अजून बराच लांब होतो तेव्हा लेकरांचा आवाज ऐकू आला. सरगम चालली होती. मी लक्ष दिलं नाही. सरगम कुठंही चालते. पावलं टाकत राहिलो. सा, रे, ग, म, प. आणि मग 'ध' आला, मोठ्यानं, 'प'वरून अलगद वर घसरत.

मी रस्त्यातच खाली बसलो. पेटी मातीत टेकली. लेकरांनी पुन्हा म्हटलं आणि पुन्हा तो तसाच आला. ती हनुवटी उचलायची ते मला दिसलं. आवाज लेकरांचे होते, कोवळे, थोडे किंचाळणारे, पण तो सूर तिचा होता. मला माझ्या बायकोचा आवाज आठवला. नुसता आठवला नाही, कानात भरला. त्यामागून तिचं बोलणं आलं, हाका आल्या, रागावणं आलं. मी तिथं मातीत बसून रडलो. बायको गेली तेव्हा चार लोकांदेखत रडायला जमलं नव्हतं, ते तेव्हा जमलं.

पडवीत पोचलो तर लेकरांसमोर प्रज्ञा बसली होती. आमच्याच गावच्या वस्तीतली पोरगी, पायरीशी थांबणाऱ्यांतली सगळ्यात पहिली. लग्न होऊन कुठं गेली होती ते मला ठाऊक नव्हतं; तिचे आई-बापही कामासाठी गाव सोडून गेले होते, त्यामुळे गावची खबर तिच्यापर्यंत पोचली नव्हती. तिनं मला ओळखलं आणि धावत आली. "काका, तुमी इकडं कसे?" मग माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं. "मावशी कुठं राहिल्या? मावशी नाई आल्या का?"

तिची नजर माझ्या हातातल्या पेटीवर गेली, लुगड्यावर गेली. मावशी पेटी कुणाच्या हाती देत नाहीत हे तिला माहीत होतं. ती मटकन खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरली.

पाणी प्यायल्यावर मी एका चिमुरडीला विचारलं, तो 'ध' एवढ्या मोठ्यानं का म्हणता. तिनं मला अगदी मास्तरणीसारखं समजावून सांगितलं, "ध आला का पेटी चुप होते. म्हून आपुन जोऱ्यानं म्हणाचं." मी म्हटलं, "तुमची पेटी कुठं हाये?" ती म्हणाली, "पेटी नाई आमच्या इथं." त्या लेकरांनी पेटी कधी पाहिलीही नव्हती. प्रज्ञा डोळे पुसत म्हणाली, "मले मावशीनं शिकवलं तसंच शिकवून राहिली मी. मले वाटे ध असाच राहते. चुकलं का काका?"

"नाई चुकलं, माय," मी म्हणालो.

दुसऱ्या गाडीनं मी अकोल्याला गेलो. जुन्या शहरातल्या दुकानदारानं पेटीचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि हसायला लागला. "चाचा, इसमें तो आटा जम गया है. पेटी में रोटी पकाते थे क्या?" भात्यानं ओढलेल्या हवेबरोबर माझ्या चक्कीचं पीठ आत गेलं होतं, पावसाळी ओलीनं त्या एका सुरावर चिकटून वाळलं होतं. त्यानं ते खरवडून काढलं आणि कागदावर झटकलं. चिमूटभरही नव्हतं. पट्टी दाबली तर 'ध' स्पष्ट वाजला.

मी तो कागद पाहत बसलो. माझं पीठ तिथं अडकलं नसतं तर पेटी वाजत राहिली असती, तिला तिथं आवाज काढावा लागला नसता, आणि खडखडाटातून माझ्यापर्यंत तिचं काहीच आलं नसतं. लेकरांनीही ते उचललं नसतं. हा चमत्कार आहे का, मला सांगता येणार नाही. गाडी कुठंतरी बिघडायचीच, आणि लेकरं कुठंतरी गायचीच. परतीच्या गाडीत मागच्या सीटवरच्या माणसाला कुणीतरी फोनवर विचारलं असावं. तो म्हणाला, आज शनिवार हाये. तेव्हा मला कळलं की दिवस शनिवार होता. घरी पोचल्यावर मी पेटी खाली ठेवली, तेलाची वाटी भरली आणि रस्ता ओलांडला. मारुतीला काही बोललो नाही, तोही काही बोलला नाही. वात लावली आणि बसलो.

मी सगळं मागत होतो आणि मला एक सूर मिळाला. ती परत मिळाली नाही, मिळणार नव्हती. अजूनही जेवायला बसलो की समोरची जागा रिकामी असते. पण मिळालं ते माझ्या मागण्यानं मिळालं नाही, हे मला कळतं. ते आधीच कुणाकडे तरी जपून ठेवलेलं होतं. मी रुसून बसलो होतो तेव्हाही रोज दुपारी म्हटलं जात होतं. माझ्या हातात होतं एवढंच, की उठून तिथं जावं, आणि तेही माझ्या मनानं झालं नाही.

बहिणीच्या गावाऐवजी पेटी आता विहारातच असते. शनिवारी मारुतीला तेल घालून मी पहिली गाडी धरतो. मला पेटी येत नाही, पण प्रज्ञानं सरगमपुरती बोटं फिरवायला शिकवलं आहे. मी भाता हलवतो, लेकरं म्हणतात. सगळ्या पट्ट्या आता चांगल्या वाजतात. 'प'पर्यंत मी त्यांच्यासोबत जातो. 'ध' आला की मी बोट उचलून घेतो आणि ऐकतो.